पुणे जिल्ह्यातील छोट्या द्राक्षमळ्यावर नैसर्गिक, बायोडायनॅमिक स्पार्कलिंग वाइन कशी करावी

पुणे जिल्ह्यासारख्या उष्ण प्रदेशात बाहेरून काहीही न घालता वाइन करायची असेल, तर सुरुवात रेड वाइनने न करता स्पार्कलिंगने करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. बुडबुड्यांची वाइन म्हणजे अवघड काम, अशी सर्वसाधारण समजूत असल्यामुळे हा सल्ला उलटा वाटेल. परंतु मार्चच्या उन्हात पूर्ण पिकलेल्या काळ्या द्राक्षांचा पीएच बहुतेक वेळा इतका चढलेला असतो की त्या रसात जिवाणूंना मोकळे रान मिळते आणि सल्फाइटचा, म्हणजे वाइन टिकवणाऱ्या गंधकयुक्त रसायनाचा, आधार घेतल्याशिवाय ती वाइन टिकवणे कठीण जाते. स्पार्कलिंगसाठी द्राक्षे आंबट असतानाच तोडतात. त्यामुळे पीएच खाली राहतो, अल्कोहोल दहा टक्क्यांच्या आसपास थांबते आणि बाटलीत चालणाऱ्या किण्वनात यीस्ट उरलासुरला प्राणवायू वापरून टाकते. बाकी सगळे कौशल्य दोन गोष्टींवर येऊन ठेपते : तोडणीचा दिवस आणि थंडावा.

आपल्या जिल्ह्याला हा प्रकार नवा नाही. जुन्नर तालुक्यातील नारायणगाव येथे १९८०च्या दशकात फ्रान्सच्या पायपर-हाइडसिक या कंपनीच्या तांत्रिक साहाय्याने स्पार्कलिंग वाइन तयार झाली आणि ‘ओमर खय्याम’ या नावाने ती परदेशी बाजारातही गेली. शॅम्पेन हे नाव मात्र फ्रान्समधील त्याच प्रदेशातील वाइनला लावता येते. आपल्या बाटलीवर ते छापू नये.

मळ्याकडे वळण्यापूर्वी परवान्याचा विचार करावा. परवान्याशिवाय वाइन तयार करणे हा महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ प्रमाणे गुन्हा आहे, आणि राज्य उत्पादन शुल्क विभागापुढे ‘घरच्यापुरतीच केली’ ही सबब चालत नाही. परवाना, यंत्रसामग्री आणि शीतखोली हे सगळे एकदम उभे करणे दोन-तीन एकरांच्या कुटुंबाला झेपत नसेल, तर परवानाधारक वायनरीशी लेखी करार करून तिच्या आवारात, आपल्या देखरेखीखाली, आपल्या द्राक्षांची वाइन करून घेणे अधिक व्यवहार्य ठरते. करारात दोन अटी आवर्जून घालाव्यात : आपल्या टाकीत बाहेरचे यीस्ट पडणार नाही आणि आपल्याला विचारल्याशिवाय सल्फाइट घातले जाणार नाही.

मळा

वाइनच्या द्राक्षांना मुरमाड, उताराची आणि पाणी न धरणारी जमीन मानवते. उसाची काळी कसदार जमीन वेलीला नुसताच पाला देते. वाणांपैकी शेनिन ब्लांक हे सर्वांत भरवशाचे. मूळचे फ्रान्समधील ल्वार नदीच्या खोऱ्यातील हे वाण तिथेही साध्या आणि स्पार्कलिंग अशा दोन्ही वाइनसाठी वापरले जाते, आणि आपल्याकडील उष्णतेत त्याची आम्लता बऱ्यापैकी टिकते. खाण्याच्या द्राक्षांचा माल उरला म्हणून त्याची वाइन करण्याचा मोह मात्र टाळावा, कारण जिब्रेलिक आम्लाच्या द्रावणात घड बुडवून फुगवलेल्या मण्यात पाणी भरपूर आणि चव बेताची असते. कलम, खुंट आणि माती-पाण्याच्या तपासणीबाबत मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा सल्ला घेणे हिताचे आहे.

रासायनिक पद्धतीतून सेंद्रिय पद्धतीकडे येताना पुणे-नाशिक पट्ट्यातील बागायतदाराला सर्वाधिक जड जाते ती गोष्ट म्हणजे हायड्रोजन सायनामाइड सोडणे. एप्रिलच्या खरड छाटणीचे तसे अडत नाही. पण ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीवर त्याची पेस्ट लावण्याची सवय हाडीमाशी मुरलेली आहे, आणि सेंद्रिय प्रमाणीकरणात हे रसायन चालत नाही. त्याऐवजी छाटणीपूर्वी पाण्याचा ताण द्यावा, हाताने पानगळ करून घ्यावी आणि काडी वाकवून बांधावी, म्हणजे शेंड्याकडील डोळेच तेवढे फुटून मागचे झोपून राहण्याचे प्रमाण कमी होते. तरीही फूट थोडी मागेपुढे होतेच. ती होऊ द्यावी. आधी पिकणारे घड पुढे विरजणासाठी, म्हणजे किण्वन सुरू करणारे यीस्ट वाढवण्यासाठी, कामी येतात.

दुसरी अडचण तांब्याची. केवडा या बुरशीजन्य रोगासाठी बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुना) सेंद्रिय पद्धतीत चालते, परंतु बायोडायनॅमिक शेतीला प्रमाणपत्र देणाऱ्या डेमेटर या संस्थेच्या मानकांनुसार हेक्टरी वर्षाला सरासरी ३ किलोपेक्षा अधिक तांबे जमिनीत जाता कामा नये. मोरचुदात साधारण पाव भाग तांबे असते. अर्धा टक्का बोर्डोची हेक्टरी १,००० लिटर फवारणी केली, तर ५ किलो मोरचूद, म्हणजे जवळपास सव्वा किलो तांबे गेले. अशा दोन फवारण्यांत वर्षाचा कोटा संपत आला. परतीच्या पावसात दर चार दिवसांनी पंप पाठीवर घेणाऱ्याला हा हिशेब बसवायचा असेल, तर छाटणीच ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात, पाऊस ओसरल्यावर घ्यावी आणि घडाभोवतीची पाने वेळीच काढून वारा खेळता ठेवावा. भुरी या दुसऱ्या बुरशीजन्य रोगासाठी गंधक वापरता येते. मात्र तोडणीपूर्वी पाच-सहा आठवडे ते पूर्ण थांबवावे, कारण मण्यांवर उरलेल्या गंधकापासून किण्वनात सडक्या अंड्याचा वास तयार होतो. शेजारच्या बागेतील फवारे आपल्याकडे येऊ नयेत म्हणून बांधावर शेवरी किंवा गिरिपुष्पाची दाट ओळ पहिल्याच वर्षी लावावी.

बायोडायनॅमिक कामे

बायोडायनॅमिक ही सेंद्रिय शेतीचीच एक पद्धत ऑस्ट्रियन विचारवंत रुडॉल्फ स्टायनर यांनी १९२४ साली कोबरविट्झ येथे, म्हणजे आजच्या पोलंडमध्ये, दिलेल्या शेतीविषयक व्याख्यानांवर उभी आहे. तिच्यातील खास मिश्रणांना, म्हणजे प्रिपरेशनना, क्रमांक आहेत. त्यांपैकी ५०० आणि ५०१ ही थेट फवारायची असतात, तर ५०२ ते ५०७ ही अनुक्रमे यॅरो, कॅमोमाइल, नेटल, ओकची साल, डँडेलियन आणि व्हॅलेरियन यांपासून केलेली असून ती कंपोस्टच्या ढिगात घालतात. यांतील बहुतेक वनस्पती थंड हवेच्या असल्यामुळे त्यांचा संच विकत घ्यावा. त्या पुण्यात वाढवण्याच्या खटाटोपात पडू नये.

५०० क्रमांकाचे प्रिपरेशन मात्र मळ्यावरच करावे. गाईच्या शिंगात दुभत्या गाईचे ताजे शेण घट्ट भरून ती शिंगे ऑक्टोबरमध्ये दीड-दोन फूट खोल, सावलीच्या आणि ओल टिकणाऱ्या जागी पुरतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये काढतात. शिंगे नैसर्गिक मृत्यू आलेल्या गाईंचीच आणि रीतसर मिळवलेली असावीत. आपल्याकडे हिवाळा कोरडा असल्यामुळे खड्डा सुकतो आणि शेण तसेच हिरवट राहते. म्हणून वरून गोणपाट टाकून अधूनमधून पाणी शिंपडावे. नीट तयार झालेले प्रिपरेशन गडद आणि चिकणमातीसारखे मऊ असते, त्याला रानातल्या मातीचा वास येतो आणि शेणाचा अजिबात येत नाही. एकरी २५ ग्रॅम घेऊन ते १३ ते १५ लिटर कोमट पाण्यात तासभर ढवळायचे असते. काठीने एका दिशेने फिरवत मधोमध खोल भोवरा पडला की क्षणात दिशा उलटी करायची, पाणी खवळू द्यायचे, पुन्हा भोवरा पाडायचा, असा तो तास जातो. नंतर लगेच, संध्याकाळी, मोठ्या थेंबांनी ते जमिनीवर शिंपडावे. पावसाळ्याच्या तोंडावर एकदा आणि ऑक्टोबरच्या छाटणीच्या सुमारास एकदा. ५०१ ही गारगोटीची अतिसूक्ष्म पूड असून ती एकरी फक्त १ ग्रॅम लागते. ती सूर्योदयाच्या वेळी धुक्यासारखी पानांवर फवारतात. ऊन चढल्यावर फवारल्यास पाने करपण्याचा धोका असतो, म्हणून आठच्या आत पंप खाली ठेवावा.

दख्खनला सर्वांत जवळचा वाटावा असा भाग म्हणजे शेणखड्डा, ज्याला सीपीपी (काऊ पॅट पिट) म्हणतात. विटांनी बांधलेल्या उथळ खड्ड्यात सुमारे ६० किलो ताजे शेण, अंड्यांच्या टरफलांची पूड आणि बेसाल्टची भुकटी, दोन्ही पाव किलोच्या आसपास, कालवून त्यात ५०२ ते ५०७ चा संच घालतात आणि ओल्या गोणपाटाखाली तीन-चार महिने ठेवतात. युरोपातील शेतकरी बेसाल्टची भुकटी पिशवीतून विकत आणतात. आपल्याला ती कोणत्याही खडी क्रशरवर मिळते.

शिंगातील शेणाचा किंवा चंद्राच्या स्थितीचा वाइनवर स्वतंत्र परिणाम होतो, याला भक्कम शास्त्रीय पुरावा नाही, हे वाचकापासून लपवण्याचे कारण नाही. कंपोस्ट, आच्छादन आणि आंतरपीक यांचा परिणाम मात्र डोळ्यांना दिसतो, आणि ठरलेल्या कामांच्या निमित्ताने मालक प्रत्येक ओळीतून चालत जातो, याचा फायदाही खराच आहे. पंचांग पाहून फवारणी करण्यास हरकत नाही. तोडणीचा दिवस मात्र पंचांगावरून ठरवू नये. डेमेटरचे चिन्ह हवे असल्यास आधी सेंद्रिय प्रमाणीकरण लागते आणि द्राक्षासारख्या बहुवर्षीय पिकाला तीन वर्षांचा रूपांतरकाळ धरावा लागतो.

तोडणी आणि गाळप

छाटणीपासून साधारण शंभर दिवस झाले की मोजणी सुरू करावी. वेगवेगळ्या ओळींतून, मांडवाच्या दोन्ही बाजूंनी, घडाच्या वरचे आणि टोकाचे असे शे-दीडशे मणी एकत्र चुरडून त्यांच्या रसाचा ब्रिक्स (साखरेचे प्रमाण), पीएच आणि आम्लता पाहावी. ब्रिक्स १७ ते १८.५, पीएच ३.० ते ३.२ आणि आम्लता लिटरला ८ ग्रॅम किंवा त्याहून अधिक, असा मेळ बसला की थांबू नये. आपल्याकडचा शेतकरी रिफ्रॅक्टोमीटरमध्ये २२ दिसेपर्यंत वाट पाहण्यास सरावलेला असतो. स्पार्कलिंगमध्ये एक आठवड्याचा हा धीर महागात पडतो, कारण साखर नंतर वाढवता येते, पण गेलेली आम्लता नैसर्गिक पद्धतीत परत आणता येत नाही.

तोडणी पहाटे, डोक्याला दिवे लावून करावी आणि उथळ क्रेट भरून ऊन चढण्याआधी ते शीतखोलीत न्यावेत. घड देठासकट प्रेसमध्ये घालावेत, आधी चुरडू नयेत. दाब सावकाश वाढवावा. एक टन द्राक्षांपासून पहिला स्वच्छ रस ५०० लिटरच्या आसपास घ्यावा आणि त्यापुढील तुरट रस वेगळा काढावा. ५०० लिटर म्हणजे साडेसहाशेच्या आसपास बाटल्या होतात. सल्फाइट नसल्यामुळे रस टाकीत पडता पडता तपकिरी होतो. नवख्याचे धाबे इथे दणाणते, पण हा रंग देणारे घटक पुढे गाळाबरोबर बसतात आणि वाइन पुन्हा उजळते. रस ८ ते १० अंशांना रात्रभर निवळू द्यावा आणि गाळावरून काढून घ्यावा. याच वेळी त्यातील दहावा भाग स्वच्छ कॅनमध्ये भरून डीप फ्रीझरमध्ये ठेवावा. त्याचा उपयोग पुढे येईल.

टाक्या, नळ्या आणि प्रेस धुण्यासाठी गरम पाणी, वाफ आणि सायट्रिक आम्ल पुरेसे आहे. ब्लीचिंग पावडर वायनरीच्या दारातही आणू नये. क्लोरिनमुळे पुढे वाइनला ओल्या पुठ्ठ्याचा वास लागतो.

विरजण

विकतचे यीस्ट घालायचे नसले, तरी रस नुसता देवाच्या भरवशावर सोडू नये. मुख्य तोडणीच्या पाच-सात दिवस आधी, लवकर पिकलेले दहा-पंधरा किलो निरोगी घड तोडावेत. फुटका, भुरीचा किंवा माशी बसलेला एकही मणी त्यात येऊ देऊ नये. हे घड स्वच्छ हातांनी चुरडून झाकलेल्या पातेल्यात २० ते २२ अंशांना ठेवावेत आणि दिवसातून दोनदा साली खाली दाबाव्यात. सुरुवातीला जी यीस्ट वाढतात ती द्राक्षाच्या सालीवरची रानटी जातीची असतात आणि ती थोड्या अल्कोहोलमध्येच मरतात. खरे काम करणारी सॅकरोमायसिस त्यांच्यानंतर जोर धरते. म्हणून विरजण पहिल्या फेसावर वापरू नये. घनतेवरून पाहता रसातील साखर निम्म्याहून अधिक उतरली, साली वर येऊन खाली गॅसचा आवाज स्पष्ट ऐकू येऊ लागला आणि वास ताज्या पावाच्या कणकेचा येत असला, की ते तयार झाले. नेलपॉलिश रिमूव्हरचा किंवा व्हिनेगरचा उग्र वास आला, तर ते ओतून द्यावे. थोडासाच आहे, पुढे जाईल, असे म्हणू नये. यासाठी एकाऐवजी दोन-तीन वेगळी पातेली लावावीत आणि त्यांतील सर्वोत्तम निवडावे.

तयार विरजण निवळलेल्या रसाच्या तीन ते पाच टक्के घालावे आणि टाकी १५ ते १८ अंशांना ठेवावी. जुन्नरकडील जानेवारीच्या रात्री मदतीला येतात, पण दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचा उपयोग नाही. टाकीला थंड पाण्याचे आवरण असलेच पाहिजे. सकाळ-संध्याकाळ तापमान, घनता आणि वास वहीत लिहावा. किण्वनातील कर्बवायू हवेपेक्षा जड असल्याने बंद खोलीत जमिनीलगत साचतो. दारे-खिडक्या उघड्या ठेवल्याशिवाय आणि बाहेर दुसरा माणूस असल्याशिवाय टाकीत कोणीही उतरू नये.

बाटलीत गॅस

इथे दोन वाटा आहेत. पहिली जुनी, पेट-नॅट म्हणून ओळखली जाणारी : किण्वन संपत आले असताना, थोडी साखर शिल्लक असतानाच वाइन बाटलीत भरून बुच लावायचे. १०-१२ अंश तापमानाला लिटरमागे ४ ग्रॅम साखर साधारण १ बार (जवळपास हवेच्या दाबाइतका) दाब देते, असा ढोबळ नियम आहे. पूर्ण कोरड्या वाइनची घनता ०.९९४ च्या आसपास येते आणि घनतेच्या दर ०.००१ मागे सुमारे २ ग्रॅम साखर धरता येते, म्हणजे १.००० या घनतेला भरल्यास १२ ग्रॅम साखर आणि सुमारे ३ बार दाब. मोजण्यापूर्वी नमुना हलवून त्यातील गॅस काढून टाकावा, अन्यथा हायड्रोमीटरच्या दांडीला बुडबुडे चिकटून ती वर उचलली जाते आणि साखर आहे त्याहून अधिक दिसते. ही वाट देखणी आहे, पण घनता रात्री दोन वाजता १.००० ला आली, तर तेव्हाच सगळ्या बाटल्या भरायला माणसे हवीत. आणि भरता भरता किण्वन चालूच असल्यामुळे पहिल्या आणि शेवटच्या बाटलीत फरक पडतो.

म्हणूनच घरच्या चार माणसांच्या मळ्याला मी दुसरी वाट सुचवतो. वाइन टाकीतच पूर्ण कोरडी होऊ द्यावी, जाड गाळावरून काढावी, आणि मग फ्रीझरमधला आपलाच रस वितळवून तिच्यात मिसळावा. रसात लिटरला १८० ग्रॅम साखर असेल, तर प्रत्येक लिटर वाइनमध्ये ७० मिलिलिटर रस घातल्याने जवळपास १२ ग्रॅम साखर होते. उसाची साखर नाही, बाहेरचे यीस्ट नाही, आणि भरण्याचा दिवस आपण ठरवतो. फार उशीर मात्र करू नये; पहिले किण्वन संपल्यावर दोन-तीन आठवड्यांत भरल्यास यीस्ट जिवंत सापडते. वाइन गाळणीतून काढू नये. शंका असल्यास थोडा रस आधी आंबवून, तो खदखदत असताना मिसळावा. पहिल्या वर्षी ३ बारच्या वर जाण्याची हौस करू नये. पारंपरिक पद्धतीतील ६ बारसाठी लिटरला २४ ग्रॅम साखर लागते आणि चूक झाली तर काच फुटते.

बाटल्या स्पार्कलिंगसाठीच्या जाड काचेच्या आणि क्राउन झाकणाच्या असाव्यात. बिअरच्या किंवा साध्या वाइनच्या बाटल्या या दाबासाठी केलेल्या नसतात. भरताना आणि नंतर हाताळताना चष्मा व जाड हातमोजे घालावेत. बरोबर सोड्याची एक-दोन प्लॅस्टिकची बाटलीही भरून ठेवावी : ती दाबून पाहिली की आत गॅस किती धरला आहे, हे काच न उघडता कळते.

भरलेल्या बाटल्या १६ ते १८ अंशांना आडव्या ठेवाव्यात. गॅस धरल्यावर त्या १२ ते १४ अंशांच्या खोलीत हलवाव्यात आणि एप्रिलपूर्वी हे झालेलेच असावे. १० अंशांना ३ बार असलेला दाब ३० अंशांना दीडपटीहून अधिक होतो, आणि मे महिन्यात पुण्याभोवतीचे शेड चाळिशीला टेकते.

विश्रांती आणि त्यानंतर

बाटलीत गाळावर निदान तीन-चार महिने, जमल्यास नऊ महिने वाइन राहू द्यावी. ढगाळ वाइन आवडत असेल, तर गाळ तसाच ठेवून विकता येते. स्वच्छ हवी असल्यास बाटल्या उलट्या करून, तीन आठवडे रोज थोड्या फिरवत गाळ झाकणापाशी आणावा, मान बर्फ आणि मिठाच्या मिश्रणात बुडवून गाळाचा खडा गोठवावा, झाकण उघडून तो उडू द्यावा आणि उणे झालेली वाइन त्याच वाइनच्या दुसऱ्या बाटलीतून भरून काढावी. गोडी घालू नये. शेनिनला तिची गरज पडत नाही.

सल्फाइटविरहित वाइनमध्ये सर्वांत फसवा दोष म्हणजे उंदरासारखा वास. तो ग्लासात जाणवत नाही. घोट गिळल्यावर, लाळेने आम्लता कमी झाली की तोंडात उमटतो. म्हणून चाचणी करताना थुंकून लगेच पुढे न जाता अर्धा मिनिट थांबावे. काही बाटल्यांत हा दोष काही महिन्यांनी आपोआप मावळतो. त्यामुळे सापडला तर माल रोखून धरावा, विकण्याची घाई करू नये.

लेबल करताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. यीस्ट स्वतःही थोडे सल्फाइट तयार करते, त्यामुळे ‘सल्फाइट घातलेले नाही’ आणि ‘सल्फाइट नाही’ ही दोन वेगळी विधाने आहेत, आणि प्रयोगशाळेचा अहवाल हाती आल्याशिवाय दुसरे छापू नये. फ्रान्समध्ये २०२० साली मान्यता मिळालेल्या ‘व्हाँ मेतोद नातुर’ (नैसर्गिक पद्धतीची वाइन) या सनदेतही एकूण सल्फाइट लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आत असल्यास चालते, मात्र द्राक्षे सेंद्रिय आणि हाताने तोडलेली, यीस्ट मळ्याचेच असावे लागते. घरच्या मळ्यासाठी हे एक चांगले मोजमाप आहे. ‘बायोडायनॅमिक’ हा शब्द प्रमाणपत्र मिळाल्यानंतरच पुढच्या बाजूस छापावा.

पुण्यातील दुकानदाराला किंवा हॉटेलला माल देताना खोक्यावर ‘उन्हात ठेवू नये, उभे ठेवावे’ असे मराठीत ठळक लिहावे आणि उन्हाळ्यात पोहोचवण्याचे काम रात्री करावे. पिणाऱ्यासाठी मागील लेबलवर दोन ओळी पुरतात : उघडण्यापूर्वी बाटली रात्रभर फ्रिजमध्ये उभी ठेवावी, आणि झाकण बेसिनवर, तोंड माणसांपासून दूर धरून, हळूहळू सैल करावे.